चावडीची मागची खिडकी

सिस्टर, तुम्ही गेल्याची बातमी मी आणली असती, तर गावात कुणी विश्वास ठेवला नसता. बरं झालं, मानवतकडून येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरनं आणली. त्यानं तिकिटाची पेटी बाकड्यावर ठेवली, टोपी काढली आणि सांगितलं. माझ्या हातातला चहा जागेवर गार झाला. एरवी मी म्हणालो असतो की कपात बर्फ झाला, त्यावर दोन पोरं घसरून पडली. आज नाही म्हणत.

कशानं गेलात ते मी विचारलं नाही. कंडक्टर सांगायच्या बेतात होता, मीच म्हणालो, "ऱ्हाऊ दे बाबा." तुम्ही असतात तर रागावला असतात. "बापू, कारण कळल्याबिगर इलाज होत नाही," हे तुमचं नेहमीचं. पण आता इलाज कुणाचा करायचा? ज्यानं त्यानं गप्प बसायचं, एवढाच इलाज उरला, आणि तो मला जन्मात जमला नाही. म्हणून लिहायला बसलोय. निजामाच्या शाळेत उर्दूत पाढे पाठ केलेला मेंढरं राखणारा माणूस मी, मराठी लिहितो ती मेंढरं हाकल्यासारखी. एखादं वाक्य कळप सोडून गेलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही गावात आलात तो दिवस आठवतो. हातात पत्र्याची पेटी, खांद्यावर सरकारी पिशवी. चावडीच्या कट्ट्यावर तात्या बसलेले. तात्या म्हणजे गावातलं सगळ्यात मोठं खटलं. जमीन साठ एकर आणि आवाज शंभर एकरांचा. त्यांनी विचारलं, "कोन्त्या गावच्या म्हनायच्या बाई तुमी?"

आपल्याकडं या प्रश्नात गाव विचारलेलं नसतं. तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तुम्ही गाव सांगितलं, मग न विचारता आडनाव सांगितलं, आणि मग म्हणालात, "अजून काही इचारायचंय, का पेटी खाली ठेवू?"

कट्टा गप्प. तात्यांना गप्प करायला मलासुद्धा गोष्टीत निदान एक वाघ आणावा लागतो. तुम्ही ते बिनवाघाचं केलं. तेव्हाच मी ठरवलं, या बाईशी आपलं जमणार.

फोन आला तो तुमच्या खटपटीनं. डॉक्टर महिन्यातून एकदा यायचा, तोही वाट कोरडी असली तर. सरकारनं मागास भागासाठी एक योजना काढली होती: गावाला फोनचं अनुदान, त्याचं भाडंही सरकारचंच, आणि दर मंगळवारी सकाळी परभणीच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई फोनजवळ बसणार. इथून दुखणं सांगायचं, तिथून त्या औषध सांगणार, आणि तुम्ही ते देणार. हे तुम्ही मला समजावून सांगितलं तेव्हा मी हात जोडले. "सिस्टर, अंगाला हात न लावता डॉक्टर? येवढी मोठी थाप मी बी आजवर मारली न्हाई."

पण ती थाप नव्हती. खांब आले, तार आली, काळा फोन आला. अट एकच होती, फोन सरकारी इमारतीत पाहिजे, भाड्याच्या खोलीत चालणार नाही. तुमचं उपकेंद्र भाड्याच्या खोलीत. शाळा सरकारी खरी, पण तिला कुलूप लावायचं तर आधी दार पाहिजे होतं. राहिली चावडी.

आणि चावडीची पायरी आमच्या गावातली सून चढत नाही. समोरून जायचं तर चप्पल हातात आणि पदर नाकापर्यंत. असा काही कुणाचा हुकूम नाही. हुकूम असता तर कुणीतरी मोडला तरी असता.

पहिल्या मंगळवारी तात्यांनी डॉक्टरीणबाईंना बैलाचा खांदा सुजल्याचं सांगितलं. दुसऱ्या मंगळवारी बैलाचा खांदा उतरला नाही म्हणून तक्रार केली. बाई एकही नाही. तुम्ही घरोघर सांगून आला होतात. सगळ्या मान डोलवायच्या, आणि मंगळवारी सगळ्यांच्या भाकरी एकदम करपायला लागायच्या.

मग तुम्ही फोनवाल्याला सांगितलंत की पुढच्या भिंतीला ओल आहे, फोनचं टेबल मागच्या खिडकीला लावा. ओल कसली, त्या भिंतीला देवानं पाणी दाखवलं नव्हतं. पण मागच्या खिडकीबाहेर आडाकडं जायची बोळ होती, आणि आडावर जायला कुठल्या सुनेला कोण अडवणार? तुम्ही थेट माझ्या मेंढवाड्यावर आलात.

"बापू, तुम्ही लय थापा मारता म्हणं."

"कोन म्हनतं?"

"अख्खं गाव."

"गाव कमी सांगायलंय."

"मग मंगळवारी सकाळी कट्ट्यावर बसून मारा. मोठ्यानं. माझा फोन चालू आहे तोवर."

मला आधी वाटलं, चेष्टा करताय. मग तुम्ही सांगितलंत: फोनमध्ये कुजबुजून भागत नाही, मोठ्यानं बोलावं लागतं. आणि बाईनं अंगावरचं दुखणं मोठ्यानं सांगायचं, तेही कट्ट्यावर सासरा बसलेला असताना, म्हणजे तिनं मरण पत्करलं म्हणून समजा. पुढं कुणीतरी तिच्यापेक्षा मोठ्यानं बोलत पाहिजे. "आणि एवढा वेळ न थकता बोलणारा माणूस या गावात एकच आहे," असं तुम्ही म्हणालात. सिस्टर, लोकांनी मला आयुष्यभर 'तोंड आवर' सांगितलं. 'तोंड सोड' म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच.

काय दिवस होते ते! तुम्ही आत टेबलाशी. खिडकीबाहेर घागर खाली ठेवून कुणाची तरी सून. फोनचा कान-तोंडाचा दांडा गजातून बाहेर. आणि पुढं कट्ट्यावर मी. माझा एडका एकटा एसटीनं मानवतच्या बाजाराला गेला आणि कंडक्टरनं त्याला अर्धं तिकीट दिलं, ती गोष्ट तिथलीच. गोदावरीच्या पुरात म्हशीवर बसून मी नांदेडला पोचलो आणि परत यायच्या भाड्यासाठी तिथंच तिचं दूध विकलं, तीही तिथलीच. लांडग्याला मी इतकं समजावलं की तो माळकरी झाला, ही मात्र आधीची होती. तुमच्यासाठी मी तिला नवीन शेपूट लावलं.

आपली खूण ठरलेली होती. तुम्ही इंजेक्शनचा स्टीलचा ट्रे टेबलावर एकदा वाजवलात की मी आवाज चढवायचा. दोनदा वाजवलात की कट्टा हसला पाहिजे, सगळाच्या सगळा, खदखदून.

दोनदा का, ते मी पुष्कळ दिवस विचारलं नाही. मला वाटायचं, तुम्हाला माझी गोष्ट आवडली. एकदा विचारलं, तर तुम्ही ट्रे पुसत म्हणालात, "बाहेर बाई रडायला लागली की दोनदा."

त्यानंतर मला हसवणं जड जायला लागलं, सिस्टर. जमत होतं, पण जड जात होतं. ट्रे दोनदा वाजला की तोंडातून एडका बाहेर पडायचा. माणसं मांड्या थोपटून हसायची. तात्या तर खोकला लागेस्तोवर. आणि मला ठाऊक असायचं की त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी घरची लेक भिंतीपलीकडं डोळ्याला पदर लावून उभी आहे. कुणाची, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मी विचारलंही नाही. एवढं एक मी पाळलं.

गयाचं मात्र कळलं, कळावंच लागलं. गया तात्यांची धाकटी सून. दोनदा पोट राहिलं, दोनदा वाया गेलं, तिसऱ्या खेपेला सातवा लागलेला. त्या मंगळवारी ट्रे वाजलाच नाही. तुम्ही स्वतः दारात आलात आणि मला डोळ्यानं बोलावलंत. पायाला सूज, डोकं दुखतं, डोळ्यांपुढं काजवे. गजातून तिचा हात आत ओढून, पट्टा बांधून तुम्ही दाब मोजला होतात, आणि डॉक्टरीणबाई फोनवर ओरडत होत्या की आजच्या आज घेऊन या.

आणायचं कसं? विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पुन्हा पेटलेला. परभणी बंद, एसटी बंद, रस्त्यावर दगड. तुमच्या स्वतःच्या वस्तीतली माणसं कुठं होती, कशी होती, ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. पिंगळीच्या स्टेशनात एक गाडी येते एवढीच आशा. आणि गयाला घराबाहेर काढायचं तर तात्यांना सांगायला पाहिजे, आणि सांगायचं तर खिडकी सांगावी लागणार.

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. म्हणालात, "बापू, एक थाप द्या."

मी कट्ट्यावर आलो आणि कपाळाला हात लावला. "तात्या, घात झाला की हो. गयाची आई वटीचं सामान घेऊन निघाली, आन् बंदमुळं पिंगळीच्या ठेसनात अडकून पडली. हिरवा चुडा, नारळ, समदं पुढ्यात घेऊन बसली म्हनं. आजचा मुहूर्त टळला तर..." पुढचं मी बोललो नाही. थाप अर्धी सोडली की समोरचा ती स्वतःच पुरी करतो, हा माझ्याकडं पंचवीसच मेंढरं होती तेव्हापासूनचा अनुभव.

तात्यांनी स्वतः गाडी जुंपली. त्या घाईत त्यांना तुमचं गाव आठवलं नाही. त्यांच्या बैलगाडीत, त्यांच्या सुनेचं डोकं मांडीवर घेऊन तुम्ही बसलात आणि ते बैलांना "चल रं" म्हणत राहिले. स्टेशनात गयाची आई नव्हतीच. पण गाडी आली, आणि तुम्ही "पुढं परभणीला गेल्या असतील, आम्ही बघतो" म्हणत गयाला आत चढवलं. परभणीच्या दवाखान्यात मूल लवकर झालं, लहानसं, मांजराच्या पिलाएवढं. पण जगलं. आता ती पोरगी तिसरीत आहे आणि माझ्या गोष्टीतल्या चुका काढते.

तात्या म्हणायचे, "वटीचा मुहूर्त गाठला म्हून पोर वाचली." तुम्ही मान हलवायचात. एवढं मोठं श्रेय नारळाला देऊन तुम्ही ट्रे पुसत बसायचात.

आता ते दुसरं. ते टाळून पुढं जाता येत नाही. जाऊ दिलं तर तुम्हीच म्हणाल, बापू, मेंढरू राहिलं मागं.

अनुदान पुढं चालू ठेवायचं की नाही ते बघायला साहेब आले. गाव गोळा झालं. पुरुष कट्ट्यावर, बाया लांब वडाखाली पाठ करून. साहेब चांगला माणूस होता, चष्मा पुसत बोलायचा. म्हणाला, "सिस्टर, तुमच्या अहवालात महिलाच जास्त आहेत. पण एकीचंही नाव नाही?"

"नाव बाहेर जाणार नाही, असा मी त्यांना शब्द दिलाय साहेब."

तेवढ्यात तात्या उठले. मिशीवर हात. "साहेब, आमच्या गावची एक बी सून आजपातूर ही पायरी चढली न्हाई. चढली आसंल तर मिशा काढून देतो."

खरं बोलले हो तात्या. अक्षर न् अक्षर खरं. कोणीच पायरी चढलं नव्हतं.

साहेबांनी तुमच्याकडं पाहिलं. "मग हे आकडे?"

तुम्ही गप्प. वडाखालच्या पाठी गप्प. मी तुमच्याकडं बघत होतो, आता बोलाल, आता बोलाल. तुम्ही ट्रेकडं बघत होतात. आणि मला ते सहन होईना. साहेब तुम्हाला खोटं ठरवायला निघाला होता, आणि खोटेपणा तर गावात माझ्या नावावर होता.

मी उठलो. "साहेब, बाया फोनवर बोलत्यात. मागच्या खिडकीतून. घागर खाली ठिवून. ही सिस्टर गजातून हात आत घिऊन दाब मोजती. आन् मी हितं बसून थापा मारतो, ह्येंच्या कानावर जाऊ नये म्हून."

मग तात्या हसले. "आरं बापू! लय भारी! येडक्याच्या तिकिटापरीस भारी!" आणि सगळा कट्टा फुटला. साहेबसुद्धा हसला, चष्मा काढून डोळे पुसले त्यानं.

मी म्हणालो, "तात्या, देवाशपथ, खरं सांगायलोय."

तर आणखी हसले. प्रत्येक थापेच्या शेवटी मी तेच म्हणत आलो होतो.

पुढच्या मंगळवारी बोळीत एकही घागर वाजली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पुरुषांनी विश्वास ठेवला नाही, पण बायांनी माझं बोलणं ऐकलं होतं. त्यांना ठाऊक होतं की ते खरं आहे. उद्या हसू ओसरलं आणि कुणाला खरं वाटलं तर काय, एवढं त्यांना पुरलं. मग अनुदान थांबलं. फोन काही दिवस कापसाचा भाव विचारायला कामी आला, मग मुका झाला. तुमच्या नावापुढं कुणीतरी 'खोटे आकडे' असं लिहिलं म्हणतात, आणि तुमची बदली मानवतकडं झाली.

जाताना आपलं भांडण झालं. तुम्ही पत्र्याची पेटी बांधत होतात.

"बापू, ते तुम्ही का बोललात?"

"तुमची नोकरी जायली व्हती, सिस्टर."

"नोकरी माझी होती. शब्दही माझा होता."

"पर खरं व्हतं की ते!"

"खरं होतं. पण तुमचं नव्हतं. ते त्यांचं होतं, त्यांनी सांगायचं होतं."

"आन् त्या कधीच बोलल्या नसत्या तर?"

तुम्ही पेटीची कडी लावली. "तर नसत्या बोलल्या."

याचं उत्तर मी इतकी वर्षं शोधतोय. मेंढरांना सांगून बघितलं, त्यांनी माना हलवल्या, पण ती काय, सगळ्यालाच हलवतात. मी अजूनही म्हणतो, सिस्टर, की तुम्ही बोलायला पाहिजे होतं. माझं हसण्यावारी गेलं. तुमचं गेलं नसतं. पण लगेच दुसऱ्या बाजूनं तुमचा आवाज येतो: माझं खरं मानलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी ती खिडकी विटांनी बुजवली असती, आणि गयाला मारलं असतं. मग मी गप्प. मग पुन्हा सुरू. असं एकट्यानं दोघांचं भांडण भांडत राहणं म्हणजे काय असतं, ते मला आता कळायलंय. जिवंत माणसाशी निदान हरता तरी येतं.

मागच्या वर्षी मानवतच्या स्टँडवर मी लोकर घेऊन उभा होतो आणि सुटायला लागलेल्या गाडीच्या खिडकीतून हाक आली, "बापू! मारता का अजून थापा?" तुम्ही गजाच्या आत, मी बाहेर. केस पांढरे झाले होते तुमचे. किती सांगायचं होतं. गयाची पोर शाळेत जाते. बोळीतल्या बाया तुमचं नाव काढतात, अगदी हळू. आणि आपल्या भांडणाचं काय? पण मी म्हणालो, "कट्टा ऱ्हायला न्हाई सिस्टर आता पयल्यासारखा," आणि गाडी निघाली. आयुष्यभर तोंडाचा पट्टा चालवलेल्या माणसाला ऐन वेळेला हे सुचलं. तुम्ही हात हलवलात. मी लोकरीचं गाठोडं खाली ठेवलं असतं तर मलाही हलवता आला असता.

या संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं. नामविस्तार म्हणतात. तुमच्या भाषेत सांगायचं तर पूर्ण इलाज नाही, पण ताप उतरला. तुम्ही ते बघून गेलात, एवढं बरं झालं. पेढे वाटले असतील ना? मला कळवलं असतंत तर मीही खाल्ला असता. चालत आलो असतो. हवं तर एडक्यावर बसून.

आणि परवा काय झालं ते सांगतो. हे सांगायलाच एवढं सगळं लिहिलं. खरं सांगायलोय, आता तुम्ही तरी हसू नका.

कंडक्टर गाडी घेऊन पुढं गेला, बातमी गावात फिरली. मंगळवारच होता. कट्ट्यावर तात्या, मी, आणखी चारपाच जण. तात्यांना आता दिसतं कमी, काठी लागते, पण जागा तीच. समोरच्या वाटेनं गया आली, कमरेवर घागर. वाटलं, चप्पल हातात घेईल आणि पुढं जाईल. ती पायरीपाशी थांबली. आणि चढली, सिस्टर. घागर तात्यांच्या पुढ्यात कट्ट्यावर ठेवली. आवाज झाला तसे तात्या दचकले.

"मामंजी, शिस्टर गेल्या."

"आयकलं." तात्यांना ती कुठं उभी आहे ते अजून उमगलं नव्हतं.

"त्येंच्या कागदातल्या बाया खोट्या नव्हत्या. मी व्हते त्यात." तिनं हात पुढं केला, चुड्यासकट. "ह्या हाताला पट्टा बांधला व्हता त्येनी, मागच्या गजातून. पिंगळीला माझी आई आलीच नव्हती. शिस्टरच व्हत्या."

बोळीच्या तोंडाशी आणखी घागरी येऊन थांबल्या. एक म्हातारी, तात्यांच्याच वयाची, पायरीवर बसली आणि म्हणाली, "मी बी व्हते." मग कुणीतरी, "मी बी." हळू, पण पुरुषांत. थापा मारायची वेळ असती तर मी म्हणालो असतो की शंभर बाया आल्या. होत्या थोड्याच. पण होत्या.

तात्या काठीवर दोन्ही हात ठेवून बसले. मग त्यांनी माझ्या दिशेनं मान वळवली. "बापू. म्हंजे त्या दिशी तू..."

"व्हय, तात्या."

"आन् आमी हासलो."

"व्हय."

त्यांनी पटक्याचं टोक डोळ्याला लावलं. साठ एकरांचा माणूस, शंभर एकरांचा आवाज, आणि आवाज फुटेना. कट्टा सगळा माझ्याकडं बघायला लागला. असं काही झालं की बापूनं काहीतरी बोलायचं, सगळ्यांना हसवायचं, हा इतक्या वर्षांचा रिवाज. माझ्या तोंडात एडका येऊन उभाही होता.

मी दाराकडं पाहिलं. आत टेबल तसंच मागच्या खिडकीला लागलेलं, त्यावर धूळ. मी कान लावला.

ट्रे वाजला नाही.

मी गप्प बसलो, सिस्टर, आणि तात्यांना रडू दिलं.